थांब म्हणेपर्यंत

टेबलावर दोन लेन्स शेजारी शेजारी ठेवल्या होत्या आणि मला त्यांतली एक निवडायची होती. काम एवढंच होतं.

माझा कॅमेरा जुना, रेंजफाइंडर जातीचा. ज्यांनी तो हाताळला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. बघायला वरच्या बाजूला एक वेगळी खिडकी असते. तिच्या मधोमध एक छोटी, जरा उजळ चौकट असते आणि त्या चौकटीत समोरची वस्तू दोनदा दिसते, एकदा ठळक, एकदा फिकट. लेन्सवरची कडी फिरवली की फिकट प्रतिमा सरकू लागते. दोन्ही एकमेकींवर नेमक्या बसल्या, एक झाल्या, की अंतर जुळलं. वस्तू किती लांब आहे ते कडीवर कोरलेल्या आकड्यांत वाचायचं. मुलांना मी सांगतो, हा कॅमेरा आधी अंतर मोजतो, मग फोटो काढतो.

मुलं म्हणजे माझ्या रविवारच्या वर्गातली. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, पण शिकवल्याशिवाय मला अन्न पचत नाही असं माझी लेक म्हणते. म्हणून वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी वर्ग भरतो. आमच्या वर्गाची एक पद्धत आहे. माझे गुडघे कुरकुरतात, उठबस जमत नाही. तेव्हा मी खुर्चीत बसतो, कडी एका अंतरावर पक्की करतो आणि एक मूल हॉलच्या टोकापासून माझ्याकडे चालत येतं. चौकटीत आधी दोन मुलं दिसतात, मग ती सरकत सरकत जवळ येतात, आणि एक झाली की मी म्हणतो, "थांब!" मग गाठी मारलेल्या दोरीने अंतर मोजायचं आणि कडीवरच्या आकड्याशी ताडून बघायचं. नियम एकच, थांब म्हणेपर्यंत चालत राहायचं. मी मुद्दामच थांब म्हटलं नाही तर मुलं खिदळत थेट लेन्सला नाक लावतात. पुढच्या काचेवर वाफ धरते, वाफेत नाकाचा ठसा उमटतो, आणि मी खिशातलं मऊ कापड काढून पुसत बसतो. रागावल्यासारखं करतो, पण मुलांना माहीत असतं.

आणि 'चालणारी' म्हणून सगळ्यांत पटाईत होती ती माझी नात. एका जागी उभी म्हणून राहायची नाही, सारखी गिरक्या घेत असायची, म्हणून घरीदारी तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. फक्त मी थांब म्हटलं की ती जिथे असेल तिथे खिळ्यासारखी उभी राहायची. एक पाय हवेत असला तर हवेतच.

ती भिंगरी त्या वेळी अंथरुणाला खिळली होती.

ताप यायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. आठवडाभर दवाखान्यात ठेवून घरी आणली होती. तपासण्या झाल्या, सगळ्या स्वच्छ आल्या. डॉक्टर जुने ओळखीचे, तोंडावर हसू ठेवायचे, पण जिन्यातून उतरताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता. तिला उजेड सहन होत नव्हता. खोलीचे पडदे ओढलेले, फोनचा पडदा जरी समोर धरला तरी ती डोळे मिटून घ्यायची. जावई जहाजावर नोकरीला, ते कुठल्याशा बंदरात अडकून पडले होते आणि रोज विचारायचे, "निदान एक फोटो तरी पाठवा हो." फ्लॅशचा तर प्रश्नच नव्हता. मी नुसतं 'फोटो काढू का' विचारलं तेव्हा भिंगरी डोळे न उघडता म्हणाली, "आजोबांच्या कॅमेऱ्याने काढा. त्याला उजेड लागत नाही."

लागतो. पण मोठ्या तोंडाची लेन्स असेल तर कमी लागतो. माझ्याकडची जुनी लेन्स बारीक तोंडाची. उन्हात उत्तम, त्या खोलीत निरुपयोगी. म्हणून ही निवड.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. दुकानवाली माझीच जुनी विद्यार्थिनी. चष्मे विकते आणि हौसेने कॅमेरे दुरुस्त करते. तिने दोन लेन्स काढून काचेवर ठेवल्या. दोन्ही पन्नास मिलिमीटरच्याच, म्हणजे साधारण डोळ्याला दिसतं तसं दाखवणाऱ्या. एकीचं तोंड दोनचं, दुसरीचं एक पॉइंट चारचं. आकडा लहान तेवढं तोंड मोठं. मी लगेच त्यांना धाकटी आणि थोरली अशी नावं ठेवून टाकली.

"सर, माझं ऐकाल तर धाकटी घ्या," ती म्हणाली. "हलकी आहे, चुका पोटात घालते. थोरलीचा हट्ट कशाला? तोंड पूर्ण उघडलं की चार बोटांएवढा पट्टा काय तो स्पष्ट येतो. डोळे नीट आले तर कान गेले."

"पण उजेड दुप्पट घेते ना?"

"घेते. तुम्हीच शिकवलं होतंत." ती हसली. "वापरलेली आहे का म्हणून विचारू नका. खोक्याचं सीलसुद्धा मीच काल फोडलं. कुणाचा हात लागलेला नाही तिला. दोन्ही घेऊन जा, वापरून बघा, पसंत पडेल ती ठेवा. आणि भिंगरीला सांगा, लवकर बरी हो म्हणावं, चष्म्याची गुलाबी फ्रेम राखून ठेवलीय."

रविवारी वर्गात दोन्हींची परीक्षा झाली. लंबू टोकापासून चालत आला, मग मिशी आली. मिशी म्हणजे दिसेल त्या चित्राला मिशा काढणारी मुलगी. धाकटी बरोबर. थोरलीही बरोबर, केसाचा फरक नाही. दोरीच्या गाठी आणि कडीचे आकडे तंतोतंत जुळले. कडीच्या शेवटच्या आकड्यापुढे अनंताची खूण असते, आडवी पडलेली आठाची आकृती. एका नव्या मुलाने विचारलं, "सर, हा आठ झोपलाय का?"

"झोपला नाही," प्रत्येक गोष्टीत वाद घालणारा आमचा वकील म्हणाला. "तो इतका लांब गेलाय की त्याला उभं राहायचा कंटाळा आलाय."

सगळे हसले. मीही हसलो. मग तिघांनी मिळून थोरलीला नाकं लावली आणि मी कापड काढलं.

त्याच दुपारी मी भिंगरीच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. पडद्याच्या फटीतून येणारी उजेडाची एक रेघ कपाटावर पडली होती. औषधाचा, ओल्या फडक्याचा आणि तापलेल्या अंगाचा वास. पंखा मंद फिरत होता. ती उशीला टेकून डोळे मिटून होती. कॅमेऱ्याची चाहूल लागताच तिच्या तोंडावर हसू आलं.

"आजोबा, दोरी आणलीत?"

"आणली. विसरेन का?"

दोरीचं एक टोक तिने आपल्या डोळ्यापाशी धरलं, दुसरं मी कॅमेऱ्याला लावलं. दीड मीटर, वर एक बोट. आधी धाकटी चढवली. चौकटीत भिंगरी दोन होत्या, एक झाल्या; कडीवर दीड. एक फोटो घेतला. पण त्या उजेडात धाकटीला शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागत होतं आणि माझा हात आता पूर्वीसारखा स्थिर राहत नाही. म्हणून थोरली चढवली.

कपाटाचं कुलूप जुळवून बघितलं, बरोबर. तिच्या पांघरुणाचा काठ, बरोबर. मग चेहरा. कडी दीडवर आणली तरी चौकटीत भिंगरी दोनच. फिकट चेहरा ठळक चेहऱ्याच्या जरा बाजूला, कान सुटून आल्यासारखा. कडी पुढे सरकवली. दोन मीटरवर दोन्ही चेहरे एक झाले.

मी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. उशी दीड मीटरवर. उशीवरचं डोकं दोनवर.

"किती आलं?" तिने विचारलं.

"दीड," मी म्हणालो.

"मला वाटलं जास्त येईल." एवढं बोलून तिला झोप लागली.

मी दोन फोटो घेतले. एक दोरीचं ऐकून, एक कडीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली खिशात आणि कॅमेरा गळ्यात घालून दुकानात गेलो. चष्मेवालीने ती आपल्या तपासणीच्या फळीवर बसवली, समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावर रोखली, डोळ्याला बारीक दुर्बीण लावून बघितलं. मग तिने स्वतःचा चेहरा समोर करून मला मोजायला सांगितलं. बरोबर. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका आजींना आम्ही स्टुलावर बसवून मोजलं. त्याही बरोबर.

"सर, लेन्समध्ये खोट नाही," ती म्हणाली. "तुमचा हात कापत असेल. नाहीतर भिंगरी हलली असेल. ती कधी स्थिर बसलीय?"

मला ते पटवून घ्यायचं होतं. मी मान हलवली.

फिल्म मी घरीच धुतो, न्हाणीघरात. त्या दिवशी दुपारी ओली पट्टी दोरीला लटकवली आणि भिंग लावून बघायला लागलो. धाकटीचा फोटो साधा होता. आजारी मुलगी, उशी, पांघरूण, थोडं हललेलं. थोरलीच्या पहिल्या फोटोत उशीच्या अभ्र्याची वीण मोजता येईल इतकी लख्ख होती आणि तिच्यावर भिंगरीचा चेहरा म्हणजे नुसतं धुकं.

दुसऱ्या फोटोत उलटं. उशी विरघळलेली, पांघरूण विरघळलेलं. भिंगरी मात्र पापणीच्या केसापर्यंत स्पष्ट. आणि तिच्या कोपराखाली, तितकीच स्पष्ट, एका लाकडी बाकाची कड होती. बसून बसून गुळगुळीत झालेली, कोपरा जरा झिजलेला.

आमच्या घरात बाक नाही.

मी ती पट्टी कुणाला दाखवली नाही. लेकीच्या डोक्याला आधीच पुष्कळ होतं. पण त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ कॅमेरा घेऊन त्या खुर्चीत बसू लागलो. ताप कमी असला, भिंगरीने घोटभर पाणी मागितलं, की कडी दोनच्या आसपास जुळायची. ताप चढला की तीन, साडेतीन. खोलीची भिंत तिच्या उशीमागे हातभर अंतरावर होती. म्हणजे माझी नात भिंतीच्या पलीकडे होती आणि तरी मला समोर दिसत होती. धाकटी लावली की सगळं जागच्या जागी यायचं, दीडच्या दीड. धाकटी आपल्या सगळ्यांना दिसतं तेच दाखवत होती. मी पुन्हा थोरली चढवायचो.

"बाबा, काय चाललंय तुमचं?" लेक दारात येऊन उभी राहिली. हातात पाण्याचं भांडं, केस विस्कटलेले. "पोर तापाने फणफणलीय आणि तुम्ही लेन्स बदलत बसलाय! एक फोटो घ्या आणि पुरे करा ना."

"घेतो गं. जरा अंतर जुळत नाहीये."

"अंतर! इथून तिथं काय दोन कोसांचं अंतर आहे?"

कडी तेव्हा पाचवर होती.

त्यानंतरच्या दिवशी दुपारी डॉक्टर येऊन गेले. त्यांनी या वेळी हसू ठेवलं नाही. "संध्याकाळपर्यंत बघू. नाही उतरला तर पुन्हा दाखल करायचं. गाडी सांगून ठेवतो," म्हणाले. लेक दारापर्यंत त्यांच्यामागे गेली, पिशवी भरायला लागली. टॉवेल, पेला, भिंगरीचे मोजे. मोजे हातात घेऊन ती जिथल्या तिथे खाली बसली.

मी खोलीत गेलो. भिंगरी उताणी होती, ओठ सुकलेले. हाक मारली तरी ओ देत नव्हती. छाती हलत होती, बारीक. मी खुर्चीत बसून कॅमेरा डोळ्याला लावला, कारण दुसरं काय करावं ते मला येत नव्हतं.

चौकटीत दोन चेहरे होते, एकमेकांपासून खूप लांब. कडी फिरवली. पाच. दहा. शेवटचा आकडा गेला. कडी झोपलेल्या आठाच्या अलीकडे जेमतेम रेघभर थांबली आणि तिथे चेहरे एक झाले.

माझ्या हातातून कॅमेरा पडला असता. पण एवढी वर्षं ज्या गोष्टीची सवय तीच हात करतात. कडी फिरवून मी ती दोरीच्या अंतरावर आणली, दीड मीटर, वर एक बोट, आणि पक्की केली. खुर्चीत नीट बसलो. रविवारी बसतो तसा.

"भिंगरी," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो. "चल. ये."

काही नाही. चौकटीत एक उशी होती आणि दोन भिंगरी.

"चालणारी तू आहेस आज. आधी बाकावरून ऊठ. मग ये."

तिचे ओठ हलले. "खूप लांब आहे."

"असू दे. आपल्याला कुठे घाई आहे?"

"पाय दुखतात."

"मग हळू ये. एक पाऊल टाक, थांबलीस तरी चालेल, मग दुसरं टाक. मी इथेच बसलोय."

दारात लेक आली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

फिकट चेहरा हलला. केसभर. मग अजून केसभर.

"छान. सरळ माझ्याकडे बघ. खाली बघू नकोस."

"तुम्ही बारीक दिसता."

"तू जवळ आलीस की मोठा होईन. ये."

अंथरुणावर तिचे पाय स्थिर होते. पांघरूण हललं नव्हतं. चौकटीत मात्र ती चालत होती.

फिकट चेहरा सरकत होता.

कानापाशी आला.

गालापाशी.

"ये. अजून. ये बाळा, ये."

माझ्या डोळ्यात घाम उतरला. मी डोळा मिटला नाही.

नाकावर नाक आलं. ओठांवर ओठ. पापण्यांना पापण्या भिडल्या आणि एकच पापणी राहिली.

"भिंगरी, थांब!"

मी बटण दाबलं.

अंथरुणावर तिचा उजवा पाय पांघरुणातून वर उचलला गेला आणि तसाच हवेत थांबला. मग हळूच खाली आला. तिने डोळे उघडले. कपाळावर घामाचे थेंब फुटले होते.

"आई," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."

लेकीने मोजे टाकले आणि तिला मिठीत घेतलं. रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही, बहुधा तिलाही नाही. मी खिशातलं मऊ कापड काढून आधी डोळे पुसले. लेन्सचं कापड डोळ्यांना लावायचं नाही असं मी मुलांना नेहमी सांगतो.

गाडी परत पाठवली. डॉक्टरांनी थर्मामीटर दोनदा बघितला, नाडी बघितली आणि आमच्याकडे चहा मागून प्यायले. "उतरायचाच होता, उतरला," म्हणाले. मला त्यावर काही विचारायचं नव्हतं. त्या आठवड्यात भिंगरीने खिचडीचा कंटाळा केला, आईशी भांडली, पडदे उघडायला लावले आणि खोलीतल्या खोलीत पहिली गिरकी घेऊन पलंगावर आपटली. थांब म्हणताना काढलेला तो फोटो मी जावयांना पाठवला. उशीची वीण आणि पापणीचे केस, दोन्ही लख्ख. जावयांनी फोनवर आधी तिच्या खाण्यापिण्याचं विचारलं. मग म्हणाले, "अगदी समोर असल्यासारखी वाटते."

"समोरच आहे," मी म्हणालो. हे शब्द म्हणताना मला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. त्या रात्री मी गाढ झोपलो.

त्या फोटोत भिंगरीच्या मागे, जिथे भिंत असायला हवी तिथे, थोरलीने सगळं विरघळवून टाकलं होतं. फिकट, गोलसर डाग होते, एकाशेजारी एक. कपाटावरच्या उजेडाचे असतील. मोठ्या तोंडाच्या लेन्स असे डाग पाडतातच. मी वर्गात ते कित्येकदा समजावून सांगितलं आहे.

निवड आता सोपी होती. धाकटी ठेवायची, थोरली परत करायची. सोमवारी सकाळी दुकानात नेऊन द्यायची म्हणून मी थोरलीला पुढचं-मागचं झाकण लावलं, कापडात गुंडाळलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात भिंगरी दुधात पाव बुडवून खात होती. उन्हाची तिरीप थेट तिच्या तोंडावर होती आणि तिला त्याचं काही नव्हतं.

"आजोबा, थोरली परत देताय?"

"हो. वर्गाला धाकटी पुरे. तुला काय वाटतं?"

तिने विचार केला. पाव दुधात पडला, तो तिने बोटाने शोधून काढला. "तुम्ही त्या दिवशी मला एकटीलाच थांब म्हणालात."

"मग? येत तू एकटीच होतीस."

"नाही काही. तुम्ही 'ये' म्हणालात ना, तर बाकावरची सगळीच मुलं उठली. त्यांना वाटलं त्यांनाच बोलावलं." तिने पेला तोंडाला लावला, ओठांवर दुधाची मिशी उमटली. "तिकडे कुणी बोलवतच नाही ना त्यांना. त्यांना चालायचं कसं तेही माहीत नव्हतं. मग मी नियम सांगितला."

"कुठला नियम?"

"आपलाच. थांब म्हणेपर्यंत चालत राहायचं."

"आणि मग?"

"मग मला थांब म्हणालात, मी थांबले. त्यांची नावं तुम्हाला कुठे माहीत होती?" ती खुर्चीवरून उतरली, एक गिरकी घेतली आणि गुलाबी फ्रेम कधी आणायची ते विचारत आईकडे पळाली.

मी तिचा पेला विसळून पालथा घातला. लेक आत तिच्यावर ओरडत होती, चप्पल घाल, फरशी गार आहे. रस्त्यावर भंगारवाल्याची हाक आली आणि गेली. सगळं ठीक होतं. खरोखरच सगळं ठीक होतं.

मग मी माझ्या खोलीत गेलो. खण उघडला, कापड सोडलं. थोरली गार होती. पुढचं झाकण घट्ट बसलेलं होतं, मीच बसवलं होतं. ते काढलं.

काचेवर वाफ धरली होती. वाफेत नाकांचे ठसे होते, लहान लहान, एकमेकांवर दाटी करून उमटलेले.

मी सवयीने खिशातून कापड काढलं आणि काच स्वच्छ पुसली. लेन्स उजेडात धरली. निर्मळ होती. मग मधोमध, हळूच, पुन्हा वाफ धरली.